कॅनिस्टर घ्या, पण नळाखालची धुलाई आधी थांबवा

प्रश्न : आमच्याकडे चार फुटी टाकी आहे, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मुलाच्या हट्टापायी त्यात सहा गोल्डफिश आणले, गोल पोटाचे, डोक्यावर टोपी असलेले. वरचा टॉप फिल्टर रात्रभर घरघरतो, टाकी हॉलमध्ये असल्याने सासूबाईंची झोप होत नाही. मागच्या रविवारी पाणी गढूळ दिसलं म्हणून फिल्टरमधला स्पंज, कापूस आणि खालची खडी नळाखाली पांढरंशुभ्र पाणी येईपर्यंत धुतली. मंगळवारी दोन मासे गेले. दुकानातून निळं औषध आणून टाकलं. दुकानदार म्हणतात, तासाला दोन हजार लिटर पाणी फिरवणारा, यूव्ही दिवावाला कॅनिस्टर फिल्टर लावा, मग पाणी बदलायची कटकटच नाही. आमचे हे म्हणतात, पाइप सुटला तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी गळेल. घ्यावा का? कोणता? आणि लावायचा कसा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, कॅनिस्टरचं बोलूच, पण आधी त्या दोन माशांचं. तुमचं पत्र वाचताना ‘पांढरंशुभ्र पाणी येईपर्यंत’ इथे मी थांबलो. रविवारी धुलाई आणि मंगळवारी मासे जाणं, हा योगायोग नसावा.

मासे श्वास घेतात त्या कल्ल्यांतूनच अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. तो विषारी असतो. टाकीतले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, चिकटून राहतात : स्पंजाच्या भोकांत, खडीवर, काचेवर. स्पंज हाताला बुळबुळीत लागतो आणि तपकिरी दिसतो, तो घाण झालेला नसतो, वस्ती झालेला असतो. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. तुम्ही स्पंज, कापूस, खडी सगळं एकाच दिवशी नळाखाली धरलंत. वस्ती उठली, आणि सहा गोल्डफिशांचा अमोनिया मात्र रोजच्यासारखा येत राहिला. निळ्या औषधाने भर पडली. ते मेथिलीन ब्ल्यू असणार, आणि ते उरल्यासुरल्या जिवाणूंनाही बाधतं. दुकानदाराने ते वाईट हेतूने दिलं असं मी म्हणत नाही. मासा मेला की बाटली द्यायची, ही त्या धंद्यातली सवयच आहे.

तेव्हा कॅनिस्टर येईपर्यंत एवढं करा. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नवीन पाण्यात आधी अँटीक्लोरीन घालून. खाणं दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर. गोल्डफिशला खरं पोटच नसतं, त्यामुळे तो कितीही खाल्लं तरी भुकेलाच दिसतो. त्याच्या तोंडाकडे पाहून दया दाखवू नका. औषध बंद. अमोनियाचं टेस्ट किट आणा, थेंबांचं. पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं असतं. आणि टॉप फिल्टर कितीही घरघरला तरी रात्री बंद करू नका. सासूबाईंना महिना-दीड महिना आतल्या खोलीत झोपायची विनंती करा, कारण पुढच्या सगळ्या कामात त्या घरघरत्या डब्याची गरज आहे.

आता कॅनिस्टर. घ्या. चार फुटी टाकीला, त्यातही गोल्डफिशच्या टाकीला, मी तोच सुचवीन. हा म्हणजे टाकीखाली ठेवायचा एक बंद पिंप. टाकीतलं पाणी एका पाइपाने आपल्या वजनानेच खाली उतरतं, पिंपातल्या स्पंज आणि सिरॅमिकच्या थरांतून जातं, आणि वरची मोटर ते दुसऱ्या पाइपाने परत टाकीत चढवते. टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये जेवढा माल मावतो त्याच्या कित्येक पट या पिंपात मावतो, म्हणजे तेवढीच मोठी जिवाणूंची वस्ती. पाणी उंचावरून पडत नाही, म्हणून आवाजही नाही. चांगला लावलेला कॅनिस्टर चालू आहे की बंद, हे कळायला हात लावून पाहावं लागतं.

पण ‘पाणी बदलायची कटकट नाही’ हे विसरा. कॅनिस्टर अमोनियाचं नायट्रेट करतो, नायट्रेट कुठेही पाठवत नाही. ते साचत जातं आणि बादलीनेच बाहेर काढावं लागतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी, कॅनिस्टर कुठलाही असो.

किती लिटरचा? तुमच्या मापाने टाकी काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरच्या आसपास पाणी मावेल. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात दोनशे धरा. तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरावं, असा साधारण आडाखा आहे, म्हणजे ८०० ते १२००. मात्र खोक्यावरचा आकडा हा रिकाम्या पिंपाचा आणि पाणी उंच चढवावं न लागता मोजलेला असतो. आत स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या, कापूस भरून आणि पाणी तीन-चार फूट वर चढवून तो खाली येतो. म्हणून खोक्यावर १००० ते १४०० असलेला घ्या.

दोन हजारवाला मात्र नको. तुमचे मासे ‘टोपीवाले’ म्हणजे ओरंडा. गोल पोट आणि लांब शेपटी, पोहण्यात ते कच्चे. जोराच्या प्रवाहात ते दिवसभर कोपऱ्यात दबून बसतात आणि शेपटीची झालर फाटते. ओरंडाला जोर नको, माल जास्त हवा. म्हणून दोन कॅनिस्टरांत निवड करायची तर आकडा बाजूला ठेवा आणि पिंपाचं आकारमान बघा.

नावं सांगायची तर एहाइम या जर्मन कंपनीचा २२१७ हा जुना, साधा, गोल पिंप. तासाला १००० लिटर, २० वॅट. त्यात दिखाऊ काही नाही, पण वर्षानुवर्षं चालतो. किंमत जास्त. दुसऱ्या टोकाला सनसनचा ३०३बी हा चिनी कॅनिस्टर. १४०० लिटर, ३५ वॅट, आत टोपल्या, वर पाणी खेचायचं बटण आणि यूव्ही दिवा. बराच स्वस्त. दोन्ही चोवीस तास चालणार, म्हणून विजेचा हिशेब करून बघा : २० वॅटला महिन्याला साधारण साडेचौदा युनिट, ३५ वॅटला पंचवीस. दिवा लावला तर त्याचे वेगळे.

त्या दिव्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. यूव्हीचं काम म्हणजे पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ मारणं. पाणी पालकाच्या सुपासारखं हिरवं झालं तर तो खरोखर कामाचा आहे. तुमचं पाणी गढूळ होतं, हिरवं नव्हतं. शिवाय तो दिवा पेटताना दिसला तरी आठ-दहा महिन्यांत त्याचा जोर जातो.

दुकानात एक प्रश्न नक्की विचारा : ‘याची ओ-रिंग, इम्पेलर आणि शाफ्ट सुटे मिळतात का? दाखवा.’ ओ-रिंग म्हणजे झाकणाचं रबरी कडं, इम्पेलर म्हणजे मोटरची फिरकी, शाफ्ट म्हणजे ती ज्यावर फिरते तो दांडा. कॅनिस्टर बिघडतो तो याच तीन ठिकाणी. इम्पेलरचा सिरॅमिक शाफ्ट पेन्सिलीच्या शिशासारखा कटकन मोडतो, आणि तो मिळाला नाही की हजारोंचा पिंप अडगळीत जातो. दुकानदार ‘मागवून देऊ’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. तुम्ही ठाण्यात आहात, कुर्ल्याच्या मासळीवाल्यांकडे, म्हणजे काचेतल्या मासळीवाल्यांकडे, एक चक्कर मारायला हरकत नाही.

आत काय भरायचं? आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघा. बहुतेक कॅनिस्टरांत ते बाजूने तळाला उतरतं आणि टोपल्यांतून वर चढतं. म्हणजे सगळ्यात खालच्या टोपलीत जाड स्पंज, जो विष्ठा आणि पानं अडवेल. त्यावर बारीक स्पंज. त्यावर सिरॅमिकच्या नळ्या, जितक्या मावतील तितक्या. सगळ्यात वर पातळ कापूस. हा क्रम उलटा लावला की कापूस आठवड्यात चोंदतो आणि मग ‘कॅनिस्टर बेकार निघाला’ म्हणून लोक सांगत फिरतात. नळ्या महाग वाटल्या तर एका टोपलीत भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या भरा, कोऱ्या आणि साबण नसलेल्या. हसू नका, जिवाणूंना पृष्ठभाग लागतो, किंमत नाही. काळ्या कोळशाची पिशवी खोक्यात येईल. ती काढून ठेवा. कोळसा महिन्याभरात भरून जातो, आणि औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला तो खरा उपयोगी पडतो. तुमच्या निळ्या पाण्यासाठी हवं तर आत्ता पंधरा दिवस वापरा, मग फेकून द्या. नवीन माल भरण्याआधी नळाखाली धुतला तरी चालेल, त्यावर अजून कोणी राहायला आलेलं नसतं.

लावायला सकाळ मोकळी ठेवा. पिंप टाकीच्या खाली, स्टँडमध्ये उभा राहिला पाहिजे. टाकीशेजारी टेबलावर ठेवला तर पाणी उतरणारच नाही. पाइप आधी मापून कापा. खोक्यात आलेला सगळा पाइप वेटोळं करून मागे कोंबतात, मग त्या वेटोळ्यात हवा अडकते आणि पिंप गुळगुळ करत राहतो. पाइप तोटीवर चढत नसेल तर जोर लावू नका. त्याचं टोक कपभर गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, मऊ पडलं की तळापर्यंत सरकवा आणि वरून नट आवळा. तोटीवर तेल किंवा साबण लावणारे आहेत. तोच पाइप सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता सुटतो.

मग पिंप पाण्याने भरून घ्या, झाकणाच्या खाचेतली ओ-रिंग बोटाने फिरवून बघा. केस, वाळूचा कण, काहीही चालणार नाही. तिला सिलिकॉन ग्रीसचं पुसट बोट लावा, व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. झाकण सरळ दाबून चारही क्लिपा समोरासमोरच्या जोडीने बसवा. दोन्ही झडपा उघडा, बटण दाबून किंवा बाहेरच्या पाइपातून हवा खेचून पाणी खाली येऊ द्या. पाइपातून पाणी उतरताना दिसतं, पिंपातून बुडबुडे येतात, मग सगळं शांत होतं. तेव्हाच प्लग लावायचा. कोरडी मोटर चालवली तर शाफ्ट गेलाच समजा. पहिला दिवस आत उरलेली हवा अधूनमधून खडखडेल, पिंप थोडा कलता करून हलवला की ती निघून जाते. प्रवाह कमी करायचा असेल तर फक्त टाकीत जाणाऱ्या पाइपाची झडप आवळा, पिंपात येणाऱ्याची कधीही नाही.

परतीच्या पाण्याला भोकाभोकांची नळी असते, स्प्रे बार. ती पाण्याच्या पातळीखाली बोटभर, भोकं मागच्या काचेकडे किंचित वर तोंड करून लावा. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहतो आणि ओरंडांना धक्का बसत नाही. पृष्ठभाग हलणं आपल्याकडे महत्त्वाचं आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. ठाण्यात मे महिन्यात टाकी ३० च्या खाली राहत नाही, आणि गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा.

आता खालच्या मजल्यावरच्या काकू. तुमच्या यजमानांची भीती रास्त आहे, फक्त ती आकड्यांत बघू. तुमच्या टाकीत पाण्याची पातळी एक इंच उतरली म्हणजे साधारण १४ लिटर गेलं. पाइप सुटला तर पाणी कुठपर्यंत जाईल? खेचणाऱ्या पाइपाची जाळी जिथे आहे तिथपर्यंत, त्याच्या खाली नाही. लोक ती जाळी तळाला टेकवतात, म्हणजे मासे कोरड्या खडीवर आणि दोनशे लिटर काकूंकडे. जाळी पाण्याच्या साधारण निम्म्यावर लावा. खालचा गाळ आठवड्याच्या पाणीबदलात सायफनने ओढता येतोच. खरं सांगायचं तर पाइप सटकन सुटण्यापेक्षा ओ-रिंगमधून थेंब थेंब गळण्याचेच प्रसंग जास्त, म्हणून पिंप एका मोठ्या घमेल्यात ठेवा. पहिल्या दिवशी आणि प्रत्येक सफाईनंतर घमेल्यात वर्तमानपत्र अंथरा, तासाभराने कागद बोटाने चाचपा. त्या तासात बाजारात जाऊ नका.

विजेची वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवा. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि घराच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पाणी आणि वीज शेजारी राहणार, तेव्हा हे टाळण्यासारखं नाही.

वीज जाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणार, कारण मी त्यात पोळलोय. एका गणपतीत आम्ही गावी गेलो होतो. इमारतीची वीज संध्याकाळी गेली ती पहाटे आली. टॉप फिल्टर उघडा असतो, त्यातल्या जिवाणूंना थोडीफार हवा मिळते. कॅनिस्टर बंद पिंप. मोटर थांबली की आतला प्राणवायू जिवाणू काही तासांत संपवतात, मग तेच मरायला आणि गाळ सडायला लागतो. माझा पिंप तीन महिने धुतलेला नव्हता. पहाटे वीज आली, मोटर सुरू झाली, आणि रात्रभर सडलेलं पाणी सरळ टाकीत. दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा सडक्या अंड्याचा वास लिफ्टपर्यंत होता. अकरा मासे. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे : वीज दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ गेली तर कॅनिस्टरचा प्लग काढायचा, आल्यावर पिंप उघडून आतलं पाणी मोरीत ओतायचं, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळायचा, मगच चालू करायचा. गावी जाताना शेजाऱ्यांना एवढंच सांगून जातो की फिल्टर पुन्हा सुरू करू नका, बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर वीस-पस्तीस वॅट त्याला काहीच नाहीत. मात्र तो साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर ही मोटर गुणगुणते आणि तापते.

आता तुमचा टॉप फिल्टर. कॅनिस्टर लागला म्हणून तो दुसऱ्या दिवशी काढू नका. नवा पिंप आतून निर्जन असतो. टॉप फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून कॅनिस्टरच्या टोपलीत ठेवा, आणि दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालू द्या. त्या काळात टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले आणि आठ दिवस शून्यच राहिले, की टॉप फिल्टर उतरवा. तुमची जुनी वस्ती धुऊन गेलेली असल्याने तुमच्या बाबतीत सहा आठवडेच धरा, चार नाही. तोवर नवीन मासा आणायचा नाही. खरं तर नंतरही नको. दोनशे लिटरला चार ओरंडा पुरेत. मुलाची समजूत घालायचं काम तुमच्याकडे.

सफाई महिन्यातून एकदा. प्लग काढा, दोन्ही झडपा बंद करा, पिंप बाथरूममध्ये न्या. ज्या दिवशी पाणी बदलाल त्याच दिवशी हे करा, म्हणजे टाकीतून काढलेलं बादलीभर पाणी हाताशी असतं. जाड स्पंज त्या बादलीत दोन-तीनदा पिळा. पाणी चहासारखं झालं की पुरे, शुभ्र होईपर्यंत नाही. नळ्या नुसत्या बादलीत बुडवून हलवा. कापूस फेकून नवा घाला. इम्पेलर जुन्या टूथब्रशने घासा, त्याची खोबण इअरबडने. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यावर पांढरे क्षार बसतात, इम्पेलर व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवला की ते सुटतात, मग साध्या पाण्याने धुवा. खडी त्या महिन्यात धुवायची नाही, ती पुढच्या वेळी, आणि तीही अर्धीच, सायफनने.

आणि बादलीतलं ते तपकिरी पाणी मोरीत ओतू नका. गॅलरीतल्या कुंड्यांना घाला. आमच्याकडची मोगरी त्यावरच वाढलीय. सासूबाईंना झाडांची आवड असेल तर ही बादली त्यांच्या हाती द्या. टॉप फिल्टरबद्दलचा राग थोडा लवकर जाईल.